हाकेनंतरचं गप्प बसणं

बाबा, आई गेल्या महिन्यापासून माझ्याकडे सेंदाईला आहे. काल सकाळी ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती आणि नदीच्या बंधाऱ्यापलीकडून तो ओरडला, केन्-केन्, आणि मागोमाग पंखांची ती फडफड. ओला टॉवेल हातात तसाच धरून आई आत आली आणि म्हणाली, "हेच का गं ते ह्यांचं पाखरू?" ह्यांचं म्हणजे तुमचं. मी चार वर्षं त्या किजीच्या, इथल्या रानकोंबड्यासारख्या पक्ष्याच्या, मागे चिखल तुडवला, त्याच्यावर पीएचडी मिळवली, आणि पाखरू मात्र तुमचं. तुम्ही इथे जेमतेम पंधरा दिवस राहिलात आणि सगळं श्रेय घेऊन गेलात. त्यानंतर कांदा चिरता चिरता आईने मला तुमच्याबद्दल एक गोष्ट सांगितली. ती मला पचत नाहीये, म्हणून हे लिहायला बसले आहे. ती शेवटी सांगते. आधी सांगितली तर बाकीचं माझ्याच्याने लिहून होणार नाही.

तुम्हाला आठवत असेल, त्या वर्षी तुम्ही दोघं एप्रिलमध्ये साकुराचा फुलोरा बघायला येणार होतात. व्हिसे झाले होते, आईने स्वेटरसुद्धा घेतला होता. मार्चमध्ये भूकंप झाला. किनाऱ्याकडची गावंच्या गावं समुद्राने नेली, फुकुशिमाच्या बातम्या सुरू झाल्या, आणि आमच्या विभागातली परदेशी मुलं एकेक करून आपापल्या घरी निघून गेली. आईने साकुराचं नाव टाकलं. तुम्ही रोज फोनवर एकच शब्द म्हणायचात, निघ. मी म्हणायचे, बघते. शेवटी माझ्या 'बघते'चा कंटाळा येऊन तुम्ही त्याच व्हिसावर मला न्यायला आलात. जो तो इथून बाहेर पडत होता, आणि पुण्यातले एक निवृत्त पी.टी.चे सर तोक्योहून बस धरून उलटे आत येत होते. डोक्याला माकडटोपी, गळ्यात शाळेतली शिट्टी, बॅगेत भाजणी, मेतकूट आणि लसणाची चटणी. शिट्टी कशाला म्हणून विचारलं तर म्हणालात, "ढिगाऱ्याखाली अडकलो तर ओरडून ओरडून घसा बसतो. शिट्टी बसत नाही." तुमचा घसा बसेल हे काही मला पटलं नाही. माइकशिवाय अख्खं मैदान सावधान करणारा आवाज तो. लहानपणी तुम्ही तिसऱ्या मजल्यावरून मला जेवायला हाक मारलीत की चौकातल्या किराणावाल्याच्या दुकानातली माणसंही वर बघायची.

भूकंपात बंद पडलेला शहराचा गॅस अजून आला नव्हता. माझ्या एवढ्याशा ओट्यावर डब्याच्या गॅसची शेगडी ठेवून तुम्ही थालीपिठं लावत होतात, कारण माझी थालीपिठं तुटतात असं तुमचं ठाम मत. आणि दर थालीपिठाबरोबर एक मुद्दा. पहिलं ताटात पडलं, "पुण्यात पक्षी नाहीत का?" दुसरं पडलं, "दुसरं विद्यापीठ घेणार नाही का तुला?" तिसऱ्याला आईचं ब्लडप्रेशर निघालं. मी सांगायचे, बाबा, नर फक्त वसंतात असा ओरडतो, हा वसंत गेला तर माझं वर्ष गेलं. तुम्ही म्हणायचात, "जाऊ दे वर्ष. तू राहिलीस म्हणजे झालं." एकदा ह्या वादाच्या मध्येच जोराचा धक्का बसला. इथे शिकवतात तशी मी टेबलाखाली शिरले, आणि बघते तर तुम्ही शेगडी बंद करून आमटीचं पातेलं पोटाशी धरून उभे. धक्का थांबल्यावर म्हणालात, "आता आमटी सांडली असती तर परत चिंच कुठून आणणार होतीस?" मी हसले, तुम्ही हसलात, आणि पातेलं खाली ठेवता ठेवता परत म्हणालात, "चल ना गं घरी."

खरं सांगू का, मला यायचं होतं आणि नव्हतंही. दिवसा वाटायचं राहावं, जमीन हलली की वाटायचं पळावं. हे तुम्हाला कळू न देण्याची मी पुरेपूर काळजी घेत होते.

पहाटे मी शेतात जाते म्हटल्यावर तुम्ही बूट घालून तयार. सेन्सेई, म्हणजे माझे प्रोफेसर, आपली छोटी गाडी घेऊन यायचे. पेट्रोलची मारामार होती, तरी यायचे. शहराबाहेर नांगरणी न झालेल्या भातखाचरांच्या कडेला आम्ही तिघं हिरव्या जाळीखाली बसायचो. काम सोपं होतं. लांब ठेवलेल्या खोक्यातून किजीच्या मादीचा आवाज वाजवायचा, गप्प बसायचं, आणि नर येतो की नाही, आला तर कसा येतो, ते बघायचं. ह्यातलं गप्प बसायचं एवढंच तुम्हाला जमत नव्हतं. दोन मिनिटं झाली की माझ्या कानाशी, "परत वाजव ना. ऐकलं नसेल त्याने." आपल्याकडे हाक ही ओ येईपर्यंत मारायची गोष्ट आहे, त्याला तुम्ही तरी काय करणार. तिसऱ्या का चौथ्या सकाळी धुकं विरताना बांधावर तो आला. लाल तोंड, हिरवी छाती, एकेक पाऊल तोलून टाकत. मी श्वास धरला होता. आणि तुम्ही मैदानावरच्या आवाजात म्हणालात, "आला बघ!"

गेला. मी तुमच्यावर केवढ्याने ओरडले ते आठवतं? "बाबा, तुम्हाला जरा वेळ गप्प राहता येत नाही का?" तुम्ही माकडटोपी काढून मांडीवर ठेवलीत आणि शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखे खाली बघत बसलात. सेन्सेईंनी थर्मास उघडला, पहिला चहा तुम्हाला दिला, आणि बोलायला लागले. अमेरिकेत कमावलेलं त्यांचं इंग्रजी आणि शाळेत घासलेलं तुमचं इंग्रजी, दोघांचं बरं जमायचं.

तरुणपणी सेन्सेई तिकडे रानटी टर्की पक्ष्यांवर काम करत होते. जपानात शिकार हिवाळ्यात. वसंतात बंदुकीला हात लावायचा नाही. तिकडे मात्र टर्कीच्या नराची शिकार वसंतातच होते. शिकारी उजाडायच्या आधी झाडाला टेकून बसतो आणि मादीचा आवाज काढतो. कुणाला नर मिळतो, कुणाला नाही, आणि का, हे सेन्सेई बघत हिंडायचे. "बहुतेक जण बहुतेक दिवशी रिकाम्या हाताने परत येतात," ते म्हणाले. तुम्ही लगेच विचारलंत, "मग जातात कशाला?" ते म्हणाले, "उद्या येईल म्हणून."

मग त्यांनी सांगितलं की टर्कीत रीत उलटी. नर आपल्या जागेवरून गडगडतो, शेपटीचा पंखा उघडून उभा राहतो, आणि मादी चालत त्याच्याकडे जाते. शिकारी त्याला म्हणतो, तू ये. तो उत्तर देतो, दहादा देतो, पण जागचा हलत नाही. नवशिका शिकारी उतावीळ होऊन परत हाक मारतो, परत मारतो. जितक्या हाका, तितका तो घट्ट. एवढं बोलावतेय तर येईलच की चालत, असं त्याला वाटत असणार. तुम्ही म्हणालात, "म्हणजे आमचा दिवाळसणाला रुसलेला जावई." मला ते सेन्सेईंना समजावून सांगावं लागलं आणि ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "जुना शिकारी," ते म्हणाले, "एकदा हाक मारतो आणि गप्प बसतो. जागा सोडत नाही. मग नराला चैन पडत नाही. काही न बोलता येतो."

"किती वेळ गप्प बसायचं?" तुम्ही चहा प्यायचे थांबला होतात.

"ते कुणालाच माहीत नाही. तो अर्ध्या वाटेवर येतो, थांबतो, मान उंच करून बघतो. तेव्हा हाक मारली तर कधी कधी त्याला कळतं की हा माणूस आहे. नाही मारली तर कधी कधी त्याला वाटतं, इथे कुणी नाहीच, आणि तो परत फिरतो."

तुम्ही उरलेला चहा संपवलात. मग विचारलंत, मुलंबाळं किती. एक मुलगा, कोबेला, सेन्सेई म्हणाले. नव्या वर्षाला कार्ड येतं. भूकंपानंतर एकदा फोन आला होता. तुम्ही त्याला बोलवत नाही का, तुम्ही विचारलंत. "एकदा बोलावलं होतं. आता गप्प बसतो." "मग येतो का?" सेन्सेईंनी थर्मासचं झाकण नीट फिरवून लावलं आणि म्हणाले, "अजून तरी नाही."

त्या दिवसापासून तुम्ही बदललात. जाळीखाली असे बसायचात की तुमच्या बुटाशी बेडूक येऊन बसला तरी हललात नाहीत. एकदा किजी ओरडला आणि क्षणभराने जमीन थरथरली, तेव्हा फक्त डोळ्यांनी मला खूण केलीत, ह्याला आधी कळलं. आणि घरी थालीपीठ ताटात पडायचं ते नुसतं थालीपीठ. पुणं नाही, आई नाही, चल नाही. मी वाट बघायचे, आता म्हणतील, आता म्हणतील. "चटणी देऊ?" एवढंच विचारायचात. मला वाटलं, बाबांनी नाद सोडला. थोडं हलकं वाटलं आणि थोडा रागही आला.

बसथांब्यावर तुम्ही माझ्या हातात शिट्टी ठेवलीत, माझ्या टोपीवर चापटी मारलीत आणि म्हणालात, "बरं, येतो." बस वळेपर्यंत खिडकीतून बघत होतात. पुढे दर रविवारी फोन व्हायचा. माझी पीएचडी झाली, नोकरी इथेच लागली, लग्न झालं, लेक झाली. तुम्ही पावसाचं बोलायचात, गुडघ्यांचं बोलायचात, नातीला पलीकडून कवायतीच्या ऑर्डरी द्यायचात आणि ती इकडे जपानीत "हाय, हाय", म्हणजे हो, हो, म्हणत पाय आपटायची. कधी येतेस, हे एकदाही विचारलं नाहीत. मी सुट्टीत यायचे आणि पाहुणीसारखी परत जायचे. मैत्रिणींचे वडील फोनवर रडून भांडून मुलींना परत बोलवायचे, तेव्हा मी अभिमानाने सांगायचे की आमचे बाबा तसले नाहीत. आता तुम्हाला जाऊन दहा वर्षं होऊन गेली, आणि काल आईने कांदा चिरता चिरता तो अभिमान काढून घेतला.

म्हणाली, "अगं, मी फोनवर विचारायला तोंड उघडलं की हे डोळे वटारायचे. म्हणायचे, तिला हाका मारू नकोस. तिने ऐकलंय. आपण फक्त बसून राहायचं." शेवटी शेवटी तुमचे गुडघे पार गेले होते. लिफ्ट असलेल्या इमारतीत जाऊ या म्हणून आईने कितीदा तरी काढलं, एक जागा पसंतही करून आली. तुम्ही तिसऱ्या मजल्यावरून हलला नाहीत. "आपण जागा सोडली आणि नेमकी ती आली तर?" असं म्हणालात म्हणे. आईला वाटायचं, म्हातारपणाचा हट्ट. ती हे सगळं हसत हसत सांगत होती. मी बेसिनचा नळ सोडून उभी राहिले.

बाबा, जगात सल्ला घ्यायला तुम्हाला तोच माणूस सापडला का, ज्याचा स्वतःचा मुलगा येत नव्हता? सेन्सेईंवर माझा राग नाही. ते पक्ष्याबद्दल बोलत होते. रविवारच्या रविवार तुम्ही इतके बोललात, आणि त्या सगळ्यात तुम्ही गप्प बसून होतात हे मला कळलं नाही. जन्मभर ज्या माणसाने मला अख्ख्या चौकाला ऐकू जाईल अशा हाका मारल्या, तो गप्प झाला तर मी काय समजायचं होतं? मी समजले की तुम्हाला माझी गरज उरली नाही. माझं इथे वाईट झालं असं नाही. घर आहे, काम आहे, लेकीला हाक मारली की "चोत्तो मात्ते" म्हणून थांबायला सांगते, म्हणजे सगळं रीतसर चाललं आहे. पण तुम्ही तिकडे जिने चढत-उतरत माझी वाट बघत होतात, आणि मला ते काल कळलं.

हे मी आईला वाचून दाखवणार नाही, आणि तुम्हाला पाठवायला पत्ता नाही, म्हणून एक सांगून टाकते. तुम्ही त्या बसने गेलात त्याच्या आदल्या दिवशी, तुम्ही कोपऱ्यावरच्या कोन्बिनी दुकानात दूध बघायला गेला होतात तेव्हा, मी माझी बॅग भरून दाराआड ठेवली होती. बसथांब्यावर माझ्या जर्किनच्या आतल्या खिशात पासपोर्ट होता. बस अर्धी रिकामी होती. तुम्ही फक्त एकदा 'चल' म्हणायचं होतंत, बाबा.