उचलत्या पुलाचा एक दिवस

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आईने तुला आधीच सांगितलं असणार, तिच्या पोटात काही राहत नाही. नदीवरच्या उचलत्या पुलाचं काम साहेबांनी माझ्याकडे दिलं. तूही अर्ज केला होतास, म्हणून लिहायला संकोच वाटतोय.

पूल अजून कच्च्या नकाशावरच आहे. पण तो रोज चालेल कसा हे आधी ठरवायचं, मगच लोखंडाला हात लावायचा, असं साहेबांचं म्हणणं. म्हणून मी पुलाचा अख्खा दिवस लिहून काढलाय. बोट आली की चालक केबिनमधून रस्ता कधी अडवतो, पूल कधी उचलतो, धुकं पडलं तर काय करतो. नकाशासकट सोबत पाठवते. तेरा तारखेला बैठक आहे. काही राहिलं असेल तर कान धरून सांग.

माया पातळ करू नकोस.
तुझी ठमी

७ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

वाचलं. छान आहे. काही राहिलेलं नाही.

आईने गल्लीत कुणाला सांगायचं बाकी ठेवलेलं नाही. काल दूधवाल्याने माझंच अभिनंदन केलं, तुझी बहीण म्हणून. मी इतकी वर्षं जुन्या पुलांची यंत्रं दुरुस्त करतेय, त्याचं कुणाला काही नाही. असो. इकडे सगळे बरे आहेत.

लोभ आहेच, मागायला नको.
ताई

९ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

परवाचं पत्र फाडून टाक. मी खोटं लिहिलं. चूक मला पहिल्याच वाचनात दिसली आणि, लाज वाटते सांगायला, बरं वाटलं. बैठकीत तुझी फजिती होईल, मग साहेबांना माझी आठवण येईल, असे मनातले मांडे खात बसले. जळतेय मी तुझ्यावर, उघड लिहिते.

तुझा चालक आठ तास केबिनमध्ये बसतो आणि एकदाही लघवीला उठत नाही. केबिन अलीकडे आणि संडास तू पलीकडच्या काठावर दाखवलायस. पूल वर असला की त्याला तिकडे जाताच येणार नाही. बोटींची रांग लागली की तो बिचारा कळ काढत बसेल, आणि शेवटी बोट पुरती निघायच्या आत पूल खाली घेईल. खाली माणसं असतील, ठमे. बैठकीआधी संडास अलीकडे आण.

रागाव, पण तोडू नकोस.
ताई

१५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पहिलं पत्र वाचून मी निर्धास्त झाले होते, हे तुला कळायला हवं. दुसरं वाचून दिवसभर रडले, मग संडास हलवला.

बैठकीत साहेब आधी हसले, मग त्यांनी नकाशा जवळ ओढून पुन्हा पाहिला. हे कुणाच्या लक्षात आलं, म्हणून विचारलं. माझ्याच नावावर खपवायचा मोह झाला होता. ताईला सगळं येतं, हे ऐकतच मी वाढलेय, जळायचा मक्ता काही तुझ्या एकटीचा नाही. तरी तुझं नाव सांगितलं. त्यांनी तुला बोलावलंय. जागा माझ्या हाताखालची आहे. येशील?

उत्तर धाड, वाट पाहते.
ठमी

१९ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून मी आईशीसुद्धा धड बोलले नाही. तुझ्या सहीशिवाय मला रजा मिळणार नाही, या विचारानेच अंगाचा तिळपापड होतो. पण वीज गेली, यंत्र अडलं, तर त्या केबिनमध्ये कोण काय करेल, हे मला सारखं डोळ्यांपुढे दिसतंय. ते दुसऱ्या कुणी लिहिलेलं मला सोसणार नाही.

सोमवारी येते. चारचौघांत तुला मॅडम म्हणेन. जळणं मात्र थांबलेलं नाही, तेव्हा सुरुवातीचे काही महिने माझ्यासमोर फार खूश दिसू नकोस.

तुझी ताई