सव्हानातल्या भुतांची रीतसर तपासणी

६ ऑक्टोबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. कारण गंभीर आहे. बायको हाताबाहेर गेली.

व्हर्डेल एप्रिलपासून भुतांच्या फेरीची गाईड झाली आहे. आठवड्यातून चार संध्याकाळी लांब काळा झगा घालते, कंदील घेते आणि बाहेरगावच्या वीस-पंचवीस माणसांना सव्हाना शहरभर फिरवून घाबरवते. मी, थर्मन गॅस्किन्स, एकतीस वर्षं या शहरातल्या लिफ्ट तपासल्या. जुन्या इमारतींच्या पोटात उतरलो. उंदीर सापडले, एकदा कवळी सापडली. भूत नाही.

संकल्प : बारा प्रसिद्ध झपाटलेल्या जागांची रीतसर तपासणी. थर्मामीटर, टॉर्च, मोजपट्टी. नंतर अहवालाचं जाहीर वाचन. लायब्ररीचा हॉल २५ तारखेला दुपारी तीनला ठरवला. साठ खुर्च्या सांगितल्या.

व्हर्डेल म्हणाली, अहवाल कर, पण एकदा माझ्या फेरीला ये. हे तिनं सातव्यांदा सांगितलं. मी म्हटलं, तपासनीसाला असले संबंध ठेवता येत नाहीत.

७ ऑक्टोबर, दुपारी १२.१०
जुनं कबरस्तान. भर दुपार मुद्दाम निवडली, निरीक्षणाला उजेड लागतो. फाटकाच्या आत गेलो नाही. कबरी बाहेरूनही व्यवस्थित दिसतात. ओकच्या झाडावरून लोंबणाऱ्या शेवाळाची एक जटा मानेला लागली. एकूण मुक्काम चार मिनिटं. चिलटं फार, म्हणून निघालो. जरा वेगानं.
निष्कर्ष : भूत नाही.

९ ऑक्टोबर
नदीकाठची जुनी खाणावळ. वरच्या मजल्यावर बुडालेला खलाशी चालतो म्हणे. खाली बसून कोळंबी आणि मक्याची लापशी खाल्ली. उत्तम. वर जाणारच होतो, पण गुडघा. शिवाय लिफ्ट नाही. लिफ्ट नसलेल्या मजल्याबद्दल मी अधिकृत मत देत नाही. वाढणाऱ्या बाईला विचारलं, पावलं ऐकू येतात का. हो म्हणाली, वर पाहुणे उतरलेत. साक्षीदार बेभरवशाची.
निष्कर्ष : भूत नाही. लापशी पुन्हा खावी.

१२ ऑक्टोबर, रविवार
चर्चहून आल्यावर व्हरांड्याचं छत निळं रंगवलं. इकडे जुनी माणसं म्हणतात, निळ्या छताखालून भूत घरात येत नाही. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. गांधीलमाशा पोळं करत नाहीत म्हणून रंगवलं. व्हर्डेलनं विचारलं, मग बेडरूमचं छत का? रंग उरला होता.

१४ ऑक्टोबर
होझियाकडे केस कापायला. चाळीस वर्षांची दोस्ती, पण आज कात्री थांबवून म्हणाला, भुतं नाहीतच तर तू सगळीकडे दुपारीच का जातोस? शास्त्र न्हाव्याला समजावणं अवघड. तरी समजावलं. रांगेत बसलेले तिघं हसले.

मग मान पुसता पुसता हळूच म्हणाला, "तिची फेरी अख्ख्या गावानं ऐकली, थर्मन. नवराच तेवढा राहिलाय. तुझ्या निरोपसमारंभात तू लिफ्टच्या दोरांवर पाऊण तास बोललास, तेव्हा ती पहिल्या रांगेत बसली होती. जागी."

यावर उत्तर होतं, पण तोंडात पावडर गेली.

१८ ऑक्टोबर, शनिवार, सकाळी १०.३०
आजचा दिवस निर्णायक. थ्रेडक्राफ्ट हाऊस. त्याच्या तळघरात दीडशे वर्षांपूर्वीची स्वयंपाकीण अजून गुणगुणते, अशी ख्याती. किल्ली मिस ऑगस्टांकडे. वय ब्याऐंशी, त्या घराची देखभाल करतात. माझी तयारी पूर्ण. मन शांत. नाडी ११८.

त्याच दिवशी, ११.२०
गाडीत बसून लिहितो आहे. दारं लॉक आहेत, सवय म्हणून.

घटनाक्रम : नऊ पायऱ्या उतरलो. तापमान चार अंशांनी घसरलं. नोंद केली. मग कोपऱ्यातून गुणगुण आली. बाईची. एका सुरात, मध्ये श्वाससुद्धा न घेता. टॉर्चनं स्वतःहून विझायचं ठरवलं. त्याच क्षणी आठवलं की गाडीचं पार्किंग बघायला हवं. वर आलो. पायऱ्या वर जाताना चारच होत्या. एक बूट खाली राहिला.

११.४५
मिस ऑगस्टांनी बूट आणून दिला. काच खाली करायला लावली. म्हणाल्या, "बाळा, ओल ओढून घ्यायचं मशीन आहे ते. मोटर घरघरते. तुझी तर सगळी नोकरी मोटरींत गेली ना?"

मोटरच असणार हे मी तळघरातच ओळखलं होतं. निष्कर्ष : भूत नाही.

२१ ऑक्टोबर
उरलेल्या नऊ जागांना जायची गरज नाही. तीन नमुन्यांवरून शास्त्र पुरेसं बोलतं. अहवाल अकरा पानं. त्यातली सात थर्मामीटरवर.

२५ ऑक्टोबर, शनिवार
वाचन झालं. साठ खुर्च्या, तीन माणसं. होझिया. एअरकंडिशनसाठी आलेला एक गृहस्थ, जो दुसऱ्या पानाला झोपला. आणि पहिल्या रांगेत व्हर्डेल, नवी टोपी घालून. शनिवारची जादा दुपारची फेरी दुसऱ्या गाईडला देऊन आली होती. तासभर एकदाही घड्याळ पाहिलं नाही. शेवटी टाळ्या वाजवल्या, त्या रिकाम्या हॉलमध्ये फार मोठ्या वाटल्या.

गाडीपर्यंत थर्मामीटर तिनंच धरला. मी म्हटलं, ३१ तारखेला येतो तुझ्या फेरीला. रात्री तिनं पीचचा गोड कॉबलर केला.

१ नोव्हेंबर, शनिवार, सकाळी
काल गेलो. बावीस माणसं आणि मी. व्हर्डेलनं कंदील उचलला आणि बोलू लागली. हा आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता. चौकात वाराही तिच्या सांगण्यावरून पडत होता. कबरस्तानाशी नेब्रास्काच्या एका धिप्पाड बाईचा दंड मी धरला. तिला आधाराची गरज वाटली.

मग थ्रेडक्राफ्ट हाऊस. व्हर्डेल सांगू लागली, मागच्या पंधरवड्यात इथे एक भुतं न मानणारा गृहस्थ थर्मामीटर घेऊन उतरला आणि एका बुटावर बाहेर आला. लोक इतके हसले की नेब्रास्काच्या बाईला भिंतीला टेकावं लागलं. मीही हसलो. संशय येऊ नये म्हणून.

हसणं ओसरल्यावर व्हर्डेल म्हणाली, "त्या माणसाला लहानपणापासून अंधाराची भीती वाटते. कोणाला कळू नये म्हणून आयुष्यभर तो लिफ्टच्या काळोख्या विहिरींत उतरत राहिला. आजवर मी इथे ज्यांच्या गोष्टी सांगितल्या, त्यांत त्याच्याइतका धीट कोणी नाही."

कोणी हसलं नाही. माझ्या डोळ्यांत चिलट गेलं. दोन्हींत.

घरी येताना तिला सांगितलं की कथा ठीक आहे, तपशिलात चुका आहेत. पायऱ्या नऊ, तिनं बारा सांगितल्या. ती म्हणाली, सुधारते. मग विचारलं, पुढच्या शुक्रवारी येशील? मी म्हटलं, देखरेखीसाठी यावंच लागेल.

झोपताना ती दिवे मालवू लागली. मी म्हटलं, पॅसेजमधला राहू दे, मांजराला अंधारात दिसत नाही. ती म्हणाली, आपल्याकडे मांजर नाही.

आज एखादं बघून येतो.