उजवी पाकळी

रवि. ११ फेब्रु.
अभिषेक आटोपला तोवर शेजारची हौसाक्का दारात. कौल लावायचा होता. तिच्या नवऱ्याचा, तात्याचा, पाय साखरेमुळं काळा पडलाय. को.पूरच्या डॉक्टरनं घोट्यापासून कापायला सांगितलाय, तेही चार दिवसांत. आक्काचा प्रश्न एकच. पाय न कापता बरा होणार असेल तर उजवी पाकळी पडू दे, नसेल तर डावी.

तिच्या तोंडाकडं बघवेना. गाभाऱ्यात गेलो, भैरोबाच्या दोन्ही खांद्यांवर पाकळ्या लावल्या. डावी चांगली भिजवून दाबली. उजवी नुसती टेकवली. लगेच पडली. आक्का पायरीवरच रडत बसली. पाय वाचला तर पितळी घंटा, असा नवसही बोलली.

वडील म्हणायचे, गुरवाच्या दोन्ही बोटांना सारखं पाणी. मी कधीकधी पाळत नाही. लग्न, बोअर, नोकरी, माणसं उजवा मागायलाच येतात. चार दिवस बरं वाटतं त्यांना.

सोम. १२
जेवताना सुमनला सांगून टाकलं. बायकोनं आधी ताटातला हात काढला. मग म्हणाली, "देवाच्या नावानं बोललासा. आता त्येला करायला लागंल की."

असं कसं? ग्रामसेवकाची सही मी ठोकली तर ग्रामसेवक बांधला जातो का?
तरी दिवसभर तेच धरून बसलोय. रात्री शेजारतीला देवाला म्हणालोसुद्धा, बाबा, एवढं कर, नाहीतर नाव तुझं जाईल.

बुध. १४
तात्याला बघून आलो. वास. उंबऱ्यातच कळतं. उद्या डॉक्टरची मुदत संपते. म्हटलं, तात्या, एकदा दाखवून तर येऊ, रिक्षा मी सांगतो.

तात्या हसला. "कौल लावनारा तूच, आनि डॉक्टरकडं चल म्हननारा बी तूच व्हय? देव काय पुढारी हाय, शब्द फिरवायला?"

सगळे हसले. मीही हसलो. जिभेवर आलं होतं. आक्कानं चहा आणला, तो प्यायलो आणि

मंगळ. २०
तात्याला सकाळपासून ताप, बडबड. गाडी करून को.पूरला नेला. संध्याकाळी आक्काचा भाचा फोनवर म्हणाला, विष रक्तात गेलंय, आता मांडीपासून कापला तरी खात्री नाही.
काही सुचत नाही. देवळात तीनदा जाऊन आलो. काय मागू? कुठल्या तोंडानं?

शुक्र. २३
तात्या गेला. दुपारी.
खांदा दिला. नको म्हणायची हिंमत झाली नाही.

रवि. २५
पूजा केली. खरं तेच लिहितो. मला देवाचा राग येतोय. चूक माझी, कबूल. पण तुला निस्तरता येत नव्हती? तीस वर्षं तुला अंघोळ घालतोय, ताप असला तरी चुकवली नाही. माझं काहीच देणं लागत नाहीस?

सुमनला हे बोललो. भाकरी थापता थापता म्हणाली, "त्येनं तुमाला कवा शब्द दिलता?"


रवि. १० मार्च
तेरावं झाल्यावर आक्का पहिल्यांदाच देवळात आली. पाया पडली नाही. दारात मांडी घालून बसली. दर्शनाला आलेले आठदहा जण थबकले. मला म्हणाली, "शंकर, तू आत हुतास. तू साक्षीदार हाईस. देवानं शब्द दिलता का न्हाय?"

"दिलता," म्हणालो.

सगळ्यांनी देवाकडं बघितलं. माझ्याकडं कुणीच नाही. आणि तो आपला गप्प, चांदीचे डोळे उघडे ठेवून. बोलता येत असतं तर पहिलं माझं नाव घेतलं असतं त्यानं. मी त्याच्या नावावर खोटं बोललो, त्यानं ते दुसऱ्यांदा अंगावर घेतलं. माझ्यासाठी? का नुसता दगड म्हणून?

आक्का उठताना म्हणाली, पुढच्या रविवारी कौल लाव. घंटा नाही, नवस नाही, एकच विचारायचंय. "शब्द देवानं मोडला आसंल तर उजवी. मानसानं मोडला आसंल तर डावी."
माझ्याकडं बघून म्हणाली का? आठवायला गेलो की कधी वाटतं हो, कधी नाही.

शनि. १६
सुमन म्हणते, आजच जावा आणि सांगा. आक्काच्या दारापर्यंत गेलो. तात्याची काठी अजून भिंतीला लावलेली आहे. परत आलो.

रवि. १७
अभिषेक झाला. दोन पाकळ्या निवडल्या, सारख्या मापाच्या. दोन्हींना सारखं पाणी लावायचं ठरवलंय. ठरवलंय म्हणजे, बोटं पंच्याला पुसतो आणि घामानं पुन्हा ओली होतात. तीनदा झालं.

उजवी पडली तर देव खोटा ठरतो. डावी पडली तर मी. आणि दोन्ही लावणार मीच.

वही मांडीवर घेऊन गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर लिहितोय. आक्का आली. पायरीवर चपला काढतीय. गर्दी नाही, एकटीच आहे. तिला हाक मारायची तर आत्ताच