आबांची पिकअप आज दिली

अहो,

अंगणात पिकअप दिसली नाय म्हणून गावभर बोंबलत फिरू नका. चोरीला गेलेली नाय, मी दिली.

रोह्याच्या वसतिगृहाचा ड्रायव्हर आज परत आला होता आणि तुम्ही नेमके सकाळीच पेणला पळालात. आबा गेले तेव्हा त्यांची गाडी वसतिगृहाला देतो, असं सगळ्यांसमोर तुम्हीच बोललात ना? मग म्हणालात, गणपतीच्या मूर्ती पोचवून होऊ देत. मग दसऱ्याची पूजा होऊ दे. मग पूजेचा हार सुकू दे. हार सुकून त्याचा भुगा झाला. दरवेळी त्या माणसाला चहा पाजून रिकामं परत पाठवायचं, आणि ते मी!

आज तर बॅटरीच गायब. तांदळाच्या पिंपात लपवलीत! घरात तांदूळ रोज कोण काढतं? वरचे तांदूळ फेकून दिले मी.

बॅटरी ड्रायव्हरने बसवली. मी गाडीपुढे नारळ फोडला आणि कागद द्यायला त्याच्याबरोबर रोह्याला चालले. सीटवरचा आबांचा टॉवेल खुंटीला लावलाय, तो धुवायला टाकू नका. वालाचं बिरडं झाकून ठेवलंय, भात तेवढा लावा.

आणि रोज संध्याकाळी काचा वर करून त्या गाडीत रडत बसता, ते मला मोरीच्या खिडकीतून दिसतं. आता रडायचं झालं तर घरात रडा. मी काय परकी हाय?

अनिता