मूळ ओळ पुसायची नाही

१८ फेब्रुवारी २०१९, वास्को
आजपासून रोजनिशी. माझ्या डोक्यात जे चालतं ते कुठेतरी लॉग व्हायला हवं.

आज ऑफिसात प्रोग्रामर टीमला एरर गुंडाळायला शिकवलं. खाली काही बिघडलं की वरच्याने ते गिळायचं नाही. जसंच्या तसं वर पाठवायचं, सोबत आपली एक ओळ जोडायची: मी अमुक करत होतो, तेव्हा हे झालं. मग स्टॅक ट्रेस (एररची ही सगळी उतरंड) वाचणाऱ्याला अगदी तळाशी खरं कारण सापडतं. फळ्यावर लिहिलं: मूळ ओळ पुसायची नाही! ज्युनियर सर्वेशने फोटो काढला. माणसाची पारख आहे त्याला.

संध्याकाळी घरी लॅपटॉपवर काम. गौरवी जनेलाकडे, खिडकीपाशी, कदेल (खुर्ची) ओढून बसली. म्हणाली, एक सांगायचं आहे. म्हटलं, दोन मिनिटं, बिल्ड चालू आहे. मान वर केली तर ती पानं वाढत होती. काय ग, विचारलं. म्हणाली, आता काही नाही. म्हणजे प्रश्न आपोआप सुटला. लग्नाला जेमतेम अडीच महिने झाले, आणि इतकी समजूतदार!

२ मार्च
गौरवी माहेरी गेली, लाटंबार्सेला. काजूचा सीझन, मामांना (म्हणजे सासऱ्यांना) हात कमी पडतात. पंधरा दिवसांचा प्रश्न. मोठी बॅग नेली. काजू वेचायला लग्नातला शालू कशाला, ते विचारलं नाही. बायकांचं पॅकिंग.

संकल्प: तिला रोज फोन. रोज केर. आणि कंपनीतला प्रत्येक एरर माझ्याच पद्धतीने गुंडाळला जाईल.

१९ मार्च
सतरा दिवसांत फोन तीन. पण क्वालिटी बघा. कालच्या फोनवर ट्रेस कसा वाचायचा ते तिला पूर्ण समजावलं. वरची ओळ फसवी असते, तळापर्यंत जायचं. तिने नऊ वेळा हं म्हटलं. मग म्हणाली, तू जातोस का रे कधी? म्हटलं, रोज! तेच तर माझं काम.

पंधरा दिवस झाले हे खरं. पण काजू काय कॅलेंडर बघून पडतात?

केर: उद्यापासून.

७ एप्रिल
वर्षा मॅडम (आमच्या लीड) म्हणाल्या, तुझे एरर मारुतीच्या शेपटासारखे लांबत चाललेत, आपलं सॉफ्टवेअर वापरणारे बंदरावरचे क्लार्क घाबरतात. मी म्हटलं, वर एक गोड ओळ घालतो. घातली: 'सर्व ठीक आहे, कृपया थोडी वाट पाहा.' क्लार्क खूश. आता खाली कोणी बघतच नाही.

२८ मे
काजू संपले. गौरवी नाही.

गावाहून, हळर्णहून, आईचा फोन. गौरवीने मामांना सांगितलं, मामांनी आईला, आईने मला. तीन थर! माझ्यापर्यंत पोचलं ते असं: येईल, घाई करू नये. यात काळजीचं काय आहे? आईचा आवाज बारीक होता. सर्दी का, विचारलं. हो म्हणाली. तिला काढा घ्यायला सांगितलं.

पोदेराला (पाववाल्याला) सांगायचं राहून जातं, रोज दोघांचे उंडे, म्हणजे पाव, ठेवतो. मी चारही खातो. वजन वाढलं, पण ती आली की घरचं जेवण, मग उतरेल.

१४ जुलै
स्वतः लाटंबार्सेला गेलो. कोण नवरा जातो एवढ्या पावसात, तीन बस बदलून?

लावणी चालली होती. गौरवी शेताच्या मेरेवर, बांधावर आली, हात चिखलाने भरलेले. बारीक झाली आहे. बरी दिसते, असं म्हटलं. ती म्हणाली, त्या दिवशी मी काय सांगणार होते ते तुला कधी विचारावंसं वाटलं? म्हटलं, कुठल्या दिवशी?

तेवढ्यात सर्वेशचा फोन. रेंज तुटत होती म्हणून टेकाडावर गेलो. चाळीस मिनिटं. परत आलो तर ती घरी जाऊन दार लावून झोपली होती. डोकं दुखतं, असं सासूबाई म्हणाल्या आणि चहा दिला. चारची बस धरली.

एकंदर भेट चांगली झाली. तिने स्वतःहून प्रश्न विचारला, ही प्रगतीच.

बसमध्ये साखळी स्टँडपर्यंत आठवत होतो, कुठला दिवस. मग डुलकी लागली.

९ ऑगस्ट
नसता घोळ. बंदरावरच्या काट्याची आठ दिवसांची ट्रकांची वजनं सेव्हच झाली नाहीत. पावसात नेट गेलं, एरर आला, आणि कुठेतरी कोणीतरी तो गिळला. स्क्रीनवर आठही दिवस 'सर्व ठीक आहे'.

मी कडक शब्दांत म्हटलं, ज्याने गिळला त्याचं नाव काढा. सर्वेशने काढलं. मग लॅपटॉप मॅडमकडे सरकवला. वर्षा मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. माझं नाव. १८ फेब्रुवारी, संध्याकाळी सहा बेचाळीस. कोडात खाली मीच लिहिलेलं: नंतर बघू.

मॅडमनी विचारलं, मूळ एरर काय होता ते आता कळेल का? म्हटलं, नाही. गिळला की गेला. वरून कितीही शोधा, मिळत नाही.

कारण: त्याच वेळी गौरवी मध्ये बोलली, लक्ष विचलित झालं.

(तो दिवस हा. आठवला.)

१ सप्टेंबर, सकाळी ८, हळर्ण
उद्या चवथ, गणेशचतुर्थी. लग्नानंतरची पहिली. सुनेच्या पहिल्या चवथीला माहेरहून सासरी वजं येतं, आदल्या दिवशी: नेवऱ्या, लाडू, फळं, टोपल्या भरून. म्हणजे आज. आणि वज्याबरोबर ती येणारच, रीतच आहे. आई म्हणाली, फार आस लावू नको रे पुता. आई जुन्या वळणाची, उगाच घाबरते.

गणपतीवरची फळापानांची माटोळी मी बांधली. लॅपटॉप वास्कोला ठेवून आलो. वाक्य पाठ केलं: त्या दिवशी काय सांगायचं होतं? सांग, मी ऐकतो.

दुपारी ४
मामा आले. एकटे. टोपली नाही, एक पिशवी. शालू, बांगड्या, फ्लॅटची दुसरी चावी. म्हणाले, ती येणार नाही, चवथीआधी सांगितलेलं बरं, नाहीतर तुम्ही वज्याची वाट बघत बसला असता. आई निरांजन घेऊन दारात उभी होती. तशीच आत गेली.

पाठ केलेलं वाक्य मामांनाच विचारलं. गौरवीला त्या दिवशी काय सांगायचं होतं? मामांनी पिशवी खाली ठेवली. म्हणाले, आमकांय सांगूंक ना. आमकां वाटलें, तुका तरी खबर आसतली. म्हणजे त्यांनाही माहीत नव्हतं; तेच विचारायला ते स्वतः आले होते.

त्यांना रस्त्यापर्यंत सोडलं. गाडीत बसताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला रडू आलं.

२ सप्टेंबर
आरती झाल्यावर गौरवीला फोन लावला. उचलला. म्हटलं, सांग, मी ऐकतो. तिकडे त्यांची आरती अजून चालू होती. मी थांबलो. मग म्हणाली, आता काही नाही.

फेब्रुवारीतही हेच म्हणाली होती. तेव्हा मला बरं वाटलं होतं.