मेळाव्यातली पहिली नोकरी

ओतूर,
रविवार, २ डिसेंबर २००१

आदरणीय काकासा,

जय जिनेंद्र. काकीसांचे गुडघे कसे आहेत? इकडे पीयूषचा खोकला उतरला, शाळेत जायला लागलाय. गुरुवारचा तुमचा सत्कार छान झाला असं सगळे म्हणतात. मी जेवायला थांबले नाही म्हणून तुम्ही रागावलात, असं कळलं. डोकं दुखतंय असं मी सांगितलं होतं. ते खोटं होतं. मला शिसारी आली होती.

बॅनरवर ‘करिअर मार्गदर्शन मेळावा’ असं लिहिलं होतं ना? आमच्या कला शाखेच्या पोरांनी सकाळपासून खुर्च्या लावल्या, पोरींनी रांगोळ्या काढल्या, चहा फिरवला. तुम्ही आलात दुपारी. मग तुमच्यासकट संस्थेच्या एकेका संचालकाला हार, शाल, नारळ. उरल्या वेळात प्राचार्यांचं मार्गदर्शन: कॉमर्सवाल्यांनी बँकेत जावं, आणि आर्ट्‌सच्या मुलींना काय, घर सांभाळणं हीच मोठी कला. लोक हसले. तुम्हीही हसलात, काकासा.

स्वागतगीत म्हणणारी ती उंच मुलगी अक्षदा. गेणूभाऊंची थोरली, माझ्या हाताखाली बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. वर्षभर दर शनिवारी मी तिच्याकडून बातम्या वाचून घेतल्या, टेप करून तिच्या तिलाच ऐकवल्या. तिनं नारायणगावच्या टोमॅटोचे भाव वाचले तरी माणूस ऐकत बसेल. पुण्याला रेडिओवर निवेदकांसाठी आवाजाची चाचणी होती. तिला बोलावणं आलं होतं, नेमकं गुरुवारी सकाळचं.

प्राचार्यांनी तिला केबिनमध्ये घेऊन सांगितलं, “तोंडीचे मार्क आमच्या हातात आहेत. चाचण्या काय, होतच राहतात.” पोरगी घाबरली आणि थांबली.

प्राचार्यांवर राग काढणं सोपं आहे. पण बुधवारी मी तुमच्या दुकानात आले होते. गादीवर बसून तुम्हाला हात जोडले, एक फोन करा, तिला सोडतील. तुम्ही साडीची घडी मोडता मोडता म्हणालात, “गाण्याशिवाय स्टेज सुनं दिसतं, बेटा.” फोन तुमच्या हाताशीच होता.

आणि दुसऱ्या दिवशी त्याच स्टेजवरून पोरांना सांगितलंत की संधी आली की सोडू नका. अक्षदा तेव्हा तुमच्या मागे ओवाळणीचं ताट धरून उभी होती. मला तिच्याकडे बघवेना. मग तुम्ही आपली शाल तिच्या खांद्यावर टाकलीत आणि माईकवर म्हणालात, “आमच्या काउंटरला बस, तुझ्या आवाजानं गिऱ्हाईक येईल.” प्राचार्यांनी लगेच जाहीर केलं, मेळाव्यातली पहिली नोकरी. आता ते नोटीस बोर्डावरही लागलंय. स्टाफरूममध्ये पेढे वाटले. मी घेतला नाही.

काल गेणूभाऊ आले होते. “बाई, येवढा मोठा माणूस बोलला, नाय कसं म्हनायचं? लई उपकार झालं.” अक्षदा खाली बघत म्हणाली, “तिथं बी बोलायचंच हाय की.”

ही तासिकेची नोकरी मला तुमच्या शब्दावर मिळाली, हे तुम्ही दर सणाला ऐकवता. मी ती सोडत नाही. सोडली तर शनिवारचं वाचन बंद पडेल, आणि तेवढंच काय ते या पोरांच्या उपयोगाचं आहे. पण यापुढे माझ्या वर्गातली एकही मुलगी ताट धरायला येणार नाही, हे प्राचार्यांना तोंडावर सांगून आलेय.

पुढच्या सोमवारपासून अक्षदा तुमच्याकडे येईल. पुढची चाचणी निघेल त्या दिवशी तिला सुट्टी लागेल. ही विनंती नाही, विनंती बुधवारी करून झाली. दिवाळीची गर्दी असली तरी मी येईन, गिऱ्हाइकांसमोर तिला हाताला धरून उठवीन आणि पुण्याच्या एस.टी.त बसवीन.

काकीसांना नमस्कार. तुम्हाला तो या खेपेस लिहवत नाही.

चेतना