तंबाखूच्या काड्यांची पिशवी

मंगळवार, संध्याकाळ

निपाणीच्या तंबाखूच्या काड्यांपासून मी प्लॅस्टिकला पर्याय म्हणून बनवलेली पिशवी मातीत कुजायला हवी होती. चार महिन्यांपूर्वी परसात पुरलेला तिचा तुकडा आज उकरला. जसाच्या तसा. पीएचडीचा विषय आता बदलता येत नाही, आणि सरांनी तर पिशवी कुजते असं परिषदेत सांगूनही टाकलंय. उद्या त्यांना काय सांगू?

आई हसली. “तंबाखूला कीड लागत न्हाय गं. म्हणून तर साड्यांच्या पेटीत पान ठेवतो की आपण.”

तीन वर्षं मी लॅबमध्ये काड्या उकळतेय आणि ती पेटी माझ्याच खाटेखाली. एकदा तरी विचारलं का आईला?

जसाच्या तसा तो तुकडा तिनं धुऊन पुसून पेटीत ठेवला. म्हणाली, “ह्यो पानापेक्षा लई दिवस टिकंल.”